चित्रकलेचं शिक्षण : एलिमेंटरीपासून पीएचडीपर्यंत कोणती पायरी कशासाठी?



दहावी-बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास येतो. "गुरुजी, पोरगं चित्रं लई भारी काढतं. पण पुढं काय करायचं?" आपण पडलो प्राथमिक शिक्षक. तरी हा प्रश्न आपल्याकडेच येतो, कारण दुसरीत पाटीवर काढलेला मोर बघून त्याला 'शाब्बास' म्हणणारे आपणच असतो. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत वेगळा कलाशिक्षक नसतो. भाषा, गणित शिकवणारा शिक्षकच कला आणि कार्यानुभव घेतो. त्यामुळे शाब्बास म्हटल्यावर पुढचा रस्ताही थोडाफार आपल्याला माहीत असायला हवा.

या रस्त्यात गोंधळ फार आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, एटीडी, जीडी आर्ट, बीएफए, बीव्हीए, एमएफए ही नावं कानावर पडतात, पण यातलं लहान कोणतं, मोठं कोणतं, आणि कशाने काय मिळतं हे नीट कुणी सांगत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "कर डिप्लोमा, लवकर संपतो." कुणी म्हणतं, "डिग्रीच पाहिजे." दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात आणि दोन्ही चूकही असू शकतात. पुढे काय व्हायचं आहे, यावर ते ठरतं.

चला तर मग, एकेक पायरी समजून घेऊया.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

पहिला घोळ 'कला' या शब्दाचा. अकरावीची कला शाखा, म्हणजे आपण ज्याला 'आर्ट्स' म्हणतो, ती वेगळी. तिथे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल असे विषय असतात. तिथून पुढे होणारी बीए ही पदवीही त्याच विषयांची. "मुलाला चित्रकलेची आवड आहे म्हणून आर्ट्सला घातलं" असं सांगणारे पालक भेटतात. त्यांचा दोष नाही, आपल्या भाषेत दोन्हीला 'कला'च म्हणतात. पण नुसतं आर्ट्सला जाऊन चित्रकार होता येत नाही. चित्रकलेची पदवी म्हणजे बीएफए, अर्थात बॅचलर ऑफ फाइन आर्ट. तिच्यासाठी बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. विज्ञान असो, वाणिज्य असो की कला.

दुसरा घोळ 'ललित कला' या शब्दाचा. या शब्दात चित्र आणि शिल्पही येतं, आणि संगीत, नृत्य, नाट्यही येतं. दिल्लीची ललित कला अकादमी (स्थापना 1954) चित्र-शिल्पासारख्या दृश्यकलांचं काम बघते. पण पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकवतात नाट्य, संगीत आणि नृत्य. म्हणून कॉलेजच्या नावावर जाऊ नका. आत काय शिकवतात ते बघा. चित्र-शिल्पाच्या शिक्षणाला हल्ली 'दृश्यकला' असंही म्हणतात.

तिसरी गोष्ट म्हणजे पातळ्यांची नावं. प्रमाणपत्र, पदविका, पदवी, पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट असा तो क्रम आहे. पदविका म्हणजे डिप्लोमा आणि पदवी म्हणजे डिग्री. हे आपल्याला समजायला सोपं आहे, कारण आपलं डीएड ही पदविकाच. बारावीनंतर दोन वर्षं शिकलो आणि वर्गावर उभे राहिलो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण डीएडवर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता येत नाही, हेही आपल्याला माहीत आहे. कलेच्या शिक्षणातही तसंच आहे. प्रत्येक पायरीवर एक दार आहे. एका दाराची किल्ली दुसऱ्या दाराला लागत नाही.

पायरी पहिली : शासकीय रेखाकला परीक्षा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा महाराष्ट्रात घराघरांत माहीत आहेत. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा आहे. कला संचालनालयाने (स्थापना 1965) त्या पुढे चालवल्या.

एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन असे पेपर असतात. इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राच्या जागी रंगातलं स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि बहुतेक मुलं त्या गुणांसाठीच बसतात.

बसू देत. पण आपण शिक्षकांनी एक लक्षात ठेवूया. ही परीक्षा म्हणजे पदविका नव्हे, पदवी तर नव्हेच. ती शालेय स्तरावरची परीक्षा आहे. तिच्यावर नोकरी मिळत नाही. पण पुढच्या प्रवेशांसाठी ती उपयोगी पडते, विशेषतः पदविका अभ्यासक्रमांना. आणि तिचा दुसरा फायदा कागदावर दिसत नाही. ठरलेल्या वेळात, समोर ठेवलेली वस्तू बघून, मापात काढायची सवय तिच्यामुळे लागते. हीच सवय पुढे प्रवेश परीक्षेत कामी येते. म्हणून सातवी-आठवीतल्या मुलाला गुणांचं आमिष दाखवतानाच "हा पाया आहे रे" हेही सांगा.

पायरी दुसरी : पदविका (एटीडी, जीडी आर्ट वगैरे)

पदविकेत दोन वाटा आहेत आणि इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते.

पहिली वाट शिक्षकाची. एटीडी म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, मराठीत कला शिक्षक पदविका. साधारण दोन वर्षांचं हे शिक्षण. यात चित्र काढायला शिकवतातच, शिवाय मुलांना चित्र कसं शिकवायचं तेही शिकवतात. फळ्यावरची रेखाटनं, पाठाचं नियोजन, सराव पाठ. आपल्या हायस्कूलमध्ये जे 'ड्रॉइंगचे सर' असतात, त्यांच्यापैकी पुष्कळ जण याच वाटेने आलेले असतात. एटीडीच्या पुढे कला शिक्षणाची वरची पदविका आणि आर्ट मास्टर हे टप्पेही आहेत. थोडक्यात, शाळेत कला शिकवायची तर ही सरळ वाट.

दुसरी वाट कलावंताची. जीडी आर्ट म्हणजे गव्हर्नमेंट डिप्लोमा इन आर्ट. यात एक मूलभूत वर्ष, ज्याला फाउंडेशन म्हणतात, आणि मग रेखा व रंगकला, शिल्पकला किंवा उपयोजित कला यांपैकी एक शाखा. फाउंडेशन धरून हा प्रवास चार-पाच वर्षांचा होतो, म्हणजे पदवीपेक्षा लहान नाही. यात शिकवण्याचं प्रशिक्षण नसतं. स्वतःचं काम करायला शिकवतात.

म्हणजे 'डिप्लोमा' हा एकच शब्द, पण एटीडी दोन वर्षांचं आणि जीडी आर्ट त्याच्या दुप्पट किंवा त्याहून मोठं. "डिप्लोमा लवकर संपतो" हे पहिल्याला लागू आहे, दुसऱ्याला नाही.

जीडी आर्टकडे कुणी नाक मुरडत असेल तर त्याला थोडा इतिहास सांगा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची सुरुवात 1857 सालची. तिथे विद्यापीठाची पदवी मिळू लागली ती मात्र जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस. त्याआधीच्या पिढ्या पदविकेवरच बाहेर पडल्या. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांनी 1948 साली जेजेतून पदविकाच घेतली. आज भारतीय चित्रकारांत त्यांचं नाव अगदी वरच्या रांगेत आहे.

मग पदवी आली कशाला? कारण सोपं आहे. विद्यापीठाची पदवी असेल तर पुढची पदव्युत्तर पदवी, विद्यापीठातली संशोधनाची वाट आणि 'कोणताही पदवीधर' अशी अट असलेल्या स्पर्धा परीक्षा या सगळ्यांची दारं उघडतात. पदविका कलेत कमी नाही, पण ही दारं तिला आपोआप उघडत नाहीत.

पायरी तिसरी : पदवी (बीएफए)

बीएफए म्हणजे चार वर्षं, आठ सत्रं. बारावीनंतर प्रवेश. महाराष्ट्रात सीईटी कक्षाकडून यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. तिच्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे चार भाग असतात. आता मागे वळून एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे पेपर आठवा. तीन नावं तीच आहेत! म्हणूनच वर म्हटलं, तो पाया आहे. फरक एवढाच की इथे स्पर्धा असते आणि सामान्य ज्ञानात चित्रकार, शिल्पं, लेणी, रंगसंगती, साहित्य-साधनं यांची माहिती लागते. अजिंठा, वेरूळ आपल्याच राज्यात आहेत, त्यांची सहल निव्वळ फोटोपुरती करू नका.

पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी सगळ्यांना समान. पुढे शाखा निवडायची. रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला या मुख्य. जेजेसारख्या जुन्या संस्थेत मृत्तिकाकला, वस्त्रकला, धातुकाम, अंतर्गत सजावट अशाही शाखा आहेत. उपयोजित कला म्हणजे जाहिरात, पुस्तकांची मुखपृष्ठं, पॅकिंगवरची चित्रं, अक्षररचना, बोधचिन्ह. बिस्किटाच्या पुड्यापासून पाठ्यपुस्तकातल्या चित्रापर्यंत तुमच्या आजूबाजूला जे छापलेलं दिसतं, त्यामागे या शाखेतली माणसं असतात. "चित्रं काढून पोट भरतं का?" असं विचारणाऱ्या पालकाला आधी हेच दाखवा.

शासकीय महाविद्यालयं मोजकी आहेत. मुंबईची जेजे, नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय महाविद्यालय. जेजेला 2023 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे तिथली प्रवेशाची पद्धत त्या-त्या वर्षाच्या सूचनेत वेगळी बघावी लागते. याशिवाय पुण्यात अभिनव कला महाविद्यालय, कोकणात चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज् अशा संस्था आहेत. गोव्यातल्या मुलांसाठी पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे, 1972 पासूनचं.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोदा विसरू नका. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 साली ललित कला विभाग सुरू झाला आणि चित्र-शिल्पाचं शिक्षण विद्यापीठाच्या पदवीच्या चौकटीत आणण्याचं काम देशात पहिल्यांदा तिथे झालं. त्या चित्रकला विभागाची सुरुवातीची घडण केली ती इंदूरला जन्मलेल्या नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. विदर्भातल्या मुलांना छत्तीसगडमधलं खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयही (स्थापना 1956) फार लांब नाही.

बडोद्यात या पदवीला बीव्हीए म्हणतात, बॅचलर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स. नाव वेगळं, पातळी तीच. बीएफए मोठं की बीव्हीए मोठं, असा वाद घालू नका.

दोन पदव्या मात्र खरोखर वेगळ्या आहेत. एक, बीडिझाइन. राष्ट्रीय डिझाइन संस्था, आयआयटी यांच्यासारख्या ठिकाणची. तिथे चित्र काढता यावं लागतं, पण भर असतो वापरायच्या वस्तू, यंत्रं, पडद्यावरची मांडणी यांची रचना करण्यावर. प्रवेश परीक्षाही वेगळी. दुसरी, बीआर्क, म्हणजे वास्तुकला. पाच वर्षांची. तिला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. चित्र छान काढणाऱ्या मुलाला "आर्किटेक्ट हो" असं सहज सांगितलं जातं, आणि त्याने अकरावीला गणित सोडलेलं असतं. हा सल्ला द्यायचा तर दहावीत द्या, बारावीत नको.

काही विद्यापीठांत चित्रकला विषय घेऊन बीए करता येतं. तीही पदवीच. पण तिथे चित्रकलेचे तास कमी आणि इतर विषय जास्त. बीएफएला आठवड्यातला बहुतेक वेळ प्रत्यक्ष कामाचा असतो. निसर्गचित्र, स्थिरचित्र, व्यक्तिचित्रण, मानवी देहाचा अभ्यास, रचना, मुद्राचित्रण, आणि जोडीला कलेचा इतिहास व सौंदर्यशास्त्र. ज्याला हातात कसब हवं, त्याच्यासाठी बीएफए. ज्याला चित्रकला आवडते पण स्पर्धा परीक्षाही द्यायच्या आहेत, त्याच्यासाठी बीए वाईट नाही.

पायरी चौथी : पदव्युत्तर पदवी (एमएफए)

दोन वर्षांची. इथे मोठा बदल होतो. बीएफएला सर सांगतात आणि विद्यार्थी काढतो. एमएफएला विद्यार्थ्याने स्वतः सांगायचं असतं की मी काय काढणार आहे आणि का. शाखाही बारीक होतात. जेजेत रंगकलेची एमएफए व्यक्तिचित्रण, सृजनात्मक चित्रकला, भित्तिचित्र आणि मुद्राचित्रण अशा विशेष विषयांत करता येते. दोन वर्षांच्या शेवटी स्वतःच्या कामाचं प्रदर्शन आणि प्रबंधिका असं साधारण स्वरूप असतं.

एमएफए कुणी करावी? ज्याला महाविद्यालयात कला शिकवायची आहे त्याने, आणि ज्याला स्वतःच्या कामासाठी दोन वर्षं मोकळी, मार्गदर्शनाखालची हवी आहेत त्याने. जाहिरात संस्थेत काम करायचं आहे, स्वतःचा स्टुडिओ काढायचा आहे, तर बीएफएनंतर थेट कामाला लागलेले लोकही भरपूर आहेत. तिथे गुणपत्रिकेआधी कामांचा संच, म्हणजे पोर्टफोलिओ बघतात.

पायरी पाचवी : नेट आणि पीएचडी

महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीबरोबर साधारणपणे नेटसारखी पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये 'दृश्यकला' हा स्वतंत्र विषय आहे.

पीएचडी मात्र वेगळंच काम आहे. ते चित्र काढण्यापेक्षा चित्राबद्दल शोध घेण्याचं आणि लिहिण्याचं शिक्षण आहे. वारली चित्रांतले बदल, एखाद्या चित्रकाराची रंगपद्धती, देवळांवरची भित्तिचित्रं असे विषय घेऊन किमान तीन वर्षं संशोधन करायचं आणि प्रबंध लिहायचा. उत्तम चित्रकाराला पीएचडी लागत नाही आणि पीएचडी झालेला उत्तम चित्रकार असेलच असं नाही.

परदेशातलीही एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकेत प्रत्यक्ष कलानिर्मितीच्या क्षेत्रात एमएफए हीच शेवटची पदवी मानतात. तिथल्या कॉलेज आर्ट असोसिएशनने 1977 साली तसं स्पष्ट केलं. आपल्याकडे विद्यापीठात पुढच्या पदांवर जाताना पीएचडीला महत्त्व आहे. म्हणजे एकच पदवी, दोन देशांत तिचं वजन वेगळं.

खरा निर्णय : दहावीनंतर लगेच की बारावीनंतर?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वरच्या सगळ्या पायऱ्यांत मागे फिरणं सर्वांत अवघड होतं ते एकाच ठिकाणी, दहावी आणि बारावीच्या मध्ये.

घरची परिस्थिती बेताची असते, मुलाला अभ्यासात गोडी नसते, चित्रात असते. मग वाटतं, कशाला बारावी? सरळ कलेच्या कोर्सला घालू. दहावीवर सुरू होणारे कलेचे अभ्यासक्रम आहेतही. पण बारावी नसेल तर बीएफएला प्रवेश नाही. बीएफए नसेल तर एमएफएची वाट अडते आणि तिच्या पुढची तर अडतेच. चार-पाच वर्षांनी मुलाचं मन बदललं, त्याला महाविद्यालयात शिकवावंसं वाटलं किंवा एखादी पदवीधरांसाठीची परीक्षा द्यावीशी वाटली, तर त्याला बारावीपासून सुरुवात करावी लागते. तेव्हा त्याच्याबरोबरची मुलं पदवीच्या वाटेवर बरीच पुढे गेलेली असतात.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. जमेल त्या मुलाने बारावी करावीच, कोणत्याही शाखेतून. त्या दोन वर्षांत इंटरमिजिएट राहिली असेल तर बघावी, रोज एक वस्तुचित्र काढावं, प्रवेश परीक्षेची तयारी करावी. नाहीच जमलं आणि पदविकेला जायचंच ठरलं, तर जोडीने बाहेरून किंवा मुक्त विद्यालयातून बारावी करून ठेवावी. तेवढं एक दार उघडं ठेवा. बाकी दारांचं पुढे बघता येतं.

मुलींच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. "जवळच्या गावात दोन वर्षांचं एटीडी आहे, तेवढं करू दे, शहरात चार वर्षं कुठं ठेवायची?" असं घरात ठरतं. एटीडी वाईट नाही, तिला शिक्षिका व्हायचं असेल तर उत्तमच. पण तिला शिल्पं करायची असतील, जाहिरातीत जायचं असेल, तर आपण तिला पायरी नव्हे, वाटच चुकीची दिली. अशा वेळी शासकीय महाविद्यालयाची फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची माहिती घेऊन पालकांशी एकदा बोलणारं कुणी असेल तर निर्णय बदलू शकतो. ते कुणी म्हणजे बहुतेक वेळा आपणच.

पायरी आणि दार जुळलं नाही तर?

एक उदाहरण घ्या. शालेय शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शंभरपेक्षा जास्त मुलं असलेल्या शाळेत कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा, असं म्हटलं आहे. हायस्कूलमध्ये कलाशिक्षकाचं पद असतं. इथे एटीडीचं मोल आहे. पण केंद्रीय विद्यालयांच्या जाहिरातींत कलाशिक्षकासाठी बराच काळ पाच वर्षांची पदविका किंवा तिच्या तोडीची पदवी अशी अट असायची. म्हणजे काम तेच, मुलांना चित्रकला शिकवायचं, पण तिथे दोन वर्षांची पदविका पुरत नव्हती. म्हणून 'समकक्ष' हा शब्द जाहिरातीत दिसला की थांबून वाचा. समकक्ष काय हे कॉलेजचा कारकून ठरवत नाही, भरती करणारी संस्था ठरवते.

तीन मुलं, तीन वाटा

समजा, तुमच्या वर्गातून गेलेली तीन मुलं आहेत.

एकाला लहान मुलांत रमायला आवडतं, स्नेहसंमेलनाचा पडदा तोच रंगवतो, धाकट्यांना शिकवतो. त्याने बारावी करावी आणि एटीडीकडे जावं. जमल्यास पुढे पदवीही करावी.

दुसरी मुलगी वहीच्या पानापानावर अक्षरं सजवते, दुकानांच्या पाट्या बघत उभी राहते, मोबाइलवर पत्रिका तयार करून देते. तिने उपयोजित कलेची बीएफए करावी.

तिसरा ओढ्याकाठची माती आणून बैल करतो, त्याचं वशिंड, त्याची मान, सगळं हुबेहूब. पोळ्याला गावातली निम्मी मातीची बैलं त्याच्याच हातची. त्याच्यासाठी शिल्पकलेची बीएफए, आणि गोडी टिकली तर एमएफए.

तिघांनाही आपण "चित्रकलेत करिअर कर" एवढंच सांगितलं असतं तर तिघंही एकाच रांगेत जाऊन उभी राहिली असती.

प्रवेश घेण्याआधी एवढं विचारा

1. संस्था शासनमान्य आहे का? पदवी कोणत्या विद्यापीठाची, पदविका कोणत्या मंडळाची? खासगी क्लासचं रंगीत प्रमाणपत्र म्हणजे पदविका नव्हे.
2. आत कोणत्या शाखा आहेत? हवी ती शाखा आहे का?
3. या वर्षीची पात्रता काय? मागच्या वर्षी शेजारच्याला जे लागू होतं ते यंदा लागू असेलच असं नाही. चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.
4. फीशिवाय खर्च किती? कागद, रंग, कॅनव्हास, शिल्पाचं साहित्य, पुढे संगणक. फी परवडली आणि साहित्य परवडलं नाही, असं होऊ देऊ नका.
5. मागच्या विद्यार्थ्यांचं काम बघायला मिळतं का? वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत मुलाला घेऊन जा. माहितीपत्रकापेक्षा त्या भिंती जास्त बोलतात.

थोडक्यात उजळणी

- एलिमेंटरी, इंटरमिजिएट : शालेय परीक्षा. पाया आणि सवलतीचे गुण.
- एटीडी : साधारण दोन वर्षं. शाळेत कला शिकवण्यासाठी.
- जीडी आर्ट : फाउंडेशनसह चार-पाच वर्षं. कलावंत किंवा व्यावसायिक होण्यासाठी.
- बीएफए किंवा बीव्हीए : बारावीनंतर चार वर्षं. व्यवसाय आणि पुढचं शिक्षण, दोन्ही दारं उघडी.
- एमएफए किंवा एमव्हीए : दोन वर्षं. स्वतःचं काम आणि महाविद्यालयीन अध्यापन.
- पीएचडी : किमान तीन वर्षं. संशोधन.

शेवटी, कागद आणि कला

एवढं सगळं सांगितल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. आर. के. लक्ष्मण यांनी तरुणपणी जेजेत प्रवेशासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. त्यांनी म्हैसूर विद्यापीठातून बीए केलं, आणि पुढे त्यांचा 'कॉमन मॅन' अख्ख्या देशाने रोज सकाळी बघितला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कोणत्याही कलाशाळेची पदवी घेतली नव्हती. तरी पडदे रंगवता रंगवता ते चित्रपटापर्यंत पोचले.

म्हणजे पदवी नको असं नाही. लक्ष्मण आणि बाबूराव पेंटर यांच्यासारखे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि आपल्या वर्गातल्या मुलाला घर चालवायचं असतं. त्याच्यासाठी कागद लागतो. पण तो कागद कोणत्या दाराचा आहे हे आधी कळलं पाहिजे. आणि प्रवेश नाकारला गेला, श्रेणी कमी मिळाली, म्हणून चित्र थांबवायचं नाही, हेही त्याला आपणच सांगितलं पाहिजे.

या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या वर्गातून किंवा शाळेतून गेलेल्या, चित्रात हात चांगला असलेल्या एका मुलाला किंवा मुलीला गाठा. सध्या नववी-दहावीत असेल तर उत्तम. त्याला विचारा, "तुला काढायला आवडतं, शिकवायला आवडतं, की बनवायला?" उत्तर ऐका, आणि वरच्या यादीतली पायरी त्याच्यासमोर ठेवा. पालकांना शाळेत बोलावता आलं तर फारच छान.